रॅम वाढवायची आहे? पट्टीच्या आधी मदरबोर्ड बघा

डेस्कटॉप मंदावला की 'रॅम वाढव' हा सल्ला सगळ्यांत आधी मिळतो, आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं एवढ्यावर संगणकाला पुढची काही वर्षं देणारं दुसरं काम क्वचितच सापडतं. गफलत होते ती पट्टी, म्हणजे रॅमच्या चिप्स बसवलेला छोटा बोर्ड, निवडताना. बहुतेक जण पाकिटावरच्या सगळ्यांत मोठ्या आकड्यापासून, म्हणजे वेगापासून, सुरुवात करतात. माझ्या मते वेगाचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. आधी गरज आहे का ते बघा, मग मदरबोर्डला, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला, काय चालतं ते, मग किती जीबी आणि किती पट्ट्या. इथवर आलात की वेगासाठी दोन-तीनच पर्याय उरतात. हा लेख त्याच क्रमाने जातो.

रॅमच कमी पडतेय याची खात्री

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. हे संगणक चालू केल्याकेल्या करू नका. रोजचं काम ऐन भरात असताना करा: ब्राउझरच्या नेहमीएवढ्या खिडक्या उघड्या, एक्सेल किंवा फोटोंचं सॉफ्टवेअर सुरू, जे काय असेल ते.

वापर पन्नास-साठ टक्के दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकामी रॅम विंडोज मुद्दाम फायली हाताशी ठेवायला वापरतं आणि गरज पडली की लगेच मोकळी करून देतं. लक्ष द्यायचं ते 'कमिटेड' या शब्दाखालच्या दोन आकड्यांकडे: पहिला मागणीचा, दुसरा कमाल मर्यादेचा. समजा तिथे १४.२/१९.५ जीबी असं लिहिलंय आणि तुमच्या मशीनमध्ये ८ जीबी रॅम आहे. म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी १४ जीबीची मागणी नोंदवली आहे, आणि रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलवर ढकलला जातोय. नोंदवलेली सगळी जागा प्रोग्रॅम खरोखर वापरतातच असं नाही, म्हणून हा पहिला आकडा रॅमपेक्षा थोडा वर गेला तर चालतं. पण तो कायम बराच वर राहत असेल, आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना संगणक अडखळत असेल, तर रॅमच कमी आहे. लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा द्या आणि 'अव्हेलेबल'चा रकाना व स्वॅपचा, म्हणजे डिस्कवर ढकललेल्या भागाचा, वापर बघा.

उलट मेमरी अर्धी रिकामी आहे आणि तरीही सगळं रखडतंय, शिवाय विंडोज फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर आहे, तर पैसे रॅमवर घालवू नका. आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. अशा मशीनला १६ची ३२ जीबी केली तरी फरक जाणवणार नाही.

विंडोज ३२-बिट तर नाही ना, हेही एकदा बघून घ्या. तसं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम घरगुती विंडोजला वापरताच येत नाही. ६४-बिट आवृत्ती टाकल्याशिवाय नवी पट्टी घेण्यात अर्थ नाही.

मदरबोर्ड काय चालवून घेईल

संपूर्ण निवडीतला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच लोक टाळतात. स्टार्ट मेनूत 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा. त्यात 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर मदरबोर्डचं मॉडेल दिसतं. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर मेनबोर्डच्या पानावर तेच दाखवतं, आणि एसपीडीच्या पानावर कोणत्या स्लॉटमध्ये कोणती पट्टी आहे हेही सांगतं. तयार ब्रँडेड संगणक असेल तर त्याच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक पुरतो. हे मॉडेल घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरचं तपशिलांचं पान उघडा आणि चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: रॅमची पिढी, एकूण कमाल क्षमता, स्लॉट किती, आणि एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त किती जीबी. चौथी गोष्ट विसरू नका. दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी असलेल्या जुन्या बोर्डात १६ची एकच पट्टी सहसा चालत नाही, ८-८च लागतात.

पिढ्यांमध्ये अदलाबदल होत नाही. डीडीआर३ २००७ च्या सुमारास आली. तिला २४० पिना आणि १.५ व्होल्ट. २०१४ मध्ये आलेल्या डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. डीडीआर५ चं मानक जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तिलाही पिना २८८च, पण व्होल्टेज १.१, आणि वीज नियंत्रित करणारी चिप बोर्डाऐवजी पट्टीवरच बसवलेली. पिना सारख्याच असल्या तरी डीडीआर४ आणि डीडीआर५ मधली खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर एक तर ती उलटी धरली आहे किंवा पिढी चुकली आहे. जोर लावला तर स्लॉट तुटतो आणि मग मदरबोर्डच बदलावा लागतो.

नुसत्या प्रोसेसरवरून पिढी ठरवायची तर सावध राहा. एएमडीकडे ते सोपं आहे: एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मात्र दोन्ही चालवतात. पट्टी कोणती लागेल हे बोर्ड ठरवतो. एकाच नावाचा बोर्ड दोन प्रकारांत मिळतो, फरक असतो तो नावाच्या शेवटी जोडलेल्या 'डी४' एवढ्याच अक्षरांचा.

आकारही बघा. मोठ्या कॅबिनेटमध्ये लांब डिम पट्ट्या असतात, सुमारे १३ सेंटीमीटरच्या. पण पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप आणि पडद्यामागेच सगळं बसवलेले ऑल-इन-वन संगणक बहुधा लॅपटॉपची आखूड सोडिम पट्टी वापरतात. खात्री नसेल तर कव्हर उघडून एकदा डोळ्यांनी पाहा.

आता सगळ्यांत फसव्या प्रकाराबद्दल. सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या पट्ट्या भरपूर जीबीच्या आणि आकर्षक दरात मिळतात. या पट्ट्या 'रजिस्टर्ड' असतात. डीडीआर४ मध्ये त्या साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात, खाचही जुळते, पण संगणक सुरूच होत नाही. ओळखायची खूण लेबलवर असते. पीसी४-२४००टी या मजकुरापाठोपाठ जोडरेघ आणि 'यू' असेल तर ती साधी पट्टी, 'आर' असेल तर सर्व्हरची. शिवाय रजिस्टर्ड पट्टीच्या मध्यभागी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसणारी एक जादा चिप असते. डीडीआर३ च्या जुन्या मशीनसाठीही असाच एक सापळा आहे: 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेल्या पट्ट्या. त्यांतल्या चिप्सची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. दर कितीही चांगला असो, यांपैकी काही घेऊ नका.

चुका स्वतः सुधारणारी म्हणजे ईसीसी रॅम हवी असेल तर प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनीही ती सुविधा द्यायला हवी. डीडीआर५ च्या जाहिरातीत 'ऑन-डाय ईसीसी' दिसतं, तो वेगळा प्रकार आहे. त्यात चिप स्वतःच्या आतल्या चुका सुधारते. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्यात पकडली जात नाही.

किती जीबी

इथे माझं मत ठाम आहे: वेगात थोडं खाली या, पण क्षमतेत तडजोड नको. रॅम पुरत असताना ३२०० वेगाची ३६०० केली तर फरक मोजावा लागतो. रॅम पुरत नसेल तर डिस्कवर जाण्याचा फटका प्रत्येक क्लिकला बसतो, कारण वेगवान एसएसडीसुद्धा रॅमपेक्षा कित्येक पट सावकाश असते.

८ जीबीमध्ये लिखाण, ईमेल, थोडं ब्राउझिंग होतं, त्यापुढे गुदमरायला होतं. नव्याने पैसे घालत असाल तर १६ ला किमान माना. व्हिडिओ संपादन, मोठे फोटो, व्हर्च्युअल मशीन किंवा अलीकडचे जड खेळ असतील तर ३२. ६४ किंवा त्याहून जास्त ज्यांना लागते त्यांना ते आधीच ठाऊक असतं. अंदाजावर विसंबायचं नसेल तर दोन-तीन दिवस कामाच्या गर्दीत तो कमिटेडचा पहिला आकडा टिपून ठेवा. सगळ्यांत मोठ्या आकड्यात निम्म्याने भर घाला आणि त्याच्या लगतची क्षमता घ्या. मघाच्या उदाहरणात १४ ची २१ होते, म्हणजे ३२ जीबी हे बरोबर उत्तर.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेतं, हेही हिशेबात धरा. डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्याही मिळतात. २४च्या दोन मिळून ४८ जीबी हा चांगला मधला मार्ग आहे, फक्त त्या बसवण्याआधी बायोस, म्हणजे संगणक चालू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्या.

एक मोठी की दोन छोट्या

साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते असतात, प्रत्येक ६४ बिट रुंदीचा. एकच पट्टी लावली तर एक रस्ता ओस पडतो. १६ जीबीच हवी असेल तर ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. टायपिंगमध्ये फरक कळणार नाही, खेळात आणि फायली झिप करण्यासारख्या कामात कळेल. आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर सगळ्यांत ठळक कळेल, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते आणि त्याचा सगळा श्वास या रस्त्यांवरच चालतो. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही त्यांनी एका पट्टीवर भागवू नये.

डीडीआर५ ची एकच पट्टी आतून ३२-३२ बिटांच्या दोन वाटांत विभागलेली असते. त्यामुळे 'डीडीआर५ मध्ये एक पट्टीही ड्युअल चॅनल' असं सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. दोन्ही वाटा मिळून रुंदी तेवढीच राहते, ६४ बिट.

मशीनमध्ये आधीच ८ची पट्टी आहे, तर तिला जोडीदार आणावा की दोन्ही नव्या घ्याव्यात? जुनी पट्टी डीडीआर४ असेल, तर तिच्याच वेगाची, तेवढ्याच जीबीची, जमल्यास त्याच कंपनीची दुसरी आणा. बहुतेक वेळा दोघी नीट नांदतात. वेग वेगळे असतील तर सगळ्या पट्ट्या त्यांतल्या सगळ्यांत सावकाश पट्टीच्या चालीने चालतात. ८ आणि १६ अशी विषम जोडीही चालते. इंटेलच्या बोर्डांवर पहिले ८ आणि दुसऱ्यातले ८ दोन्ही रस्त्यांनी जातात, उरलेले ८ एकाच रस्त्याने. सोय म्हणून हे ठीक आहे.

पण हमी फक्त एका पाकिटातून आलेल्या जोडीची असते, कारण त्या दोन पट्ट्या एकत्र तपासलेल्या असतात. मेमरीच्या चिप्स प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. पट्टीवर नाव कुणाचंही असो, आतला माल बहुधा यांच्यापैकीच एकाचा. पट्टीवाल्या कंपन्या तेच मॉडेल ठेवून आतल्या चिप्स बदलतात. त्यामुळे दोन वर्षांनी आणलेली 'अगदी तीच' पट्टी आतून दुसरीच निघू शकते.

डीडीआर५ मध्ये तर मी जोडीचाच आग्रह धरेन, आणि चार स्लॉट असले तरी दोनच भरावेत असं सांगेन. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेचं उदाहरण बघा: दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की थेट ३६००. 'आत्ता दोन घेतो, पुढे आणखी दोन जोडू' हा डीडीआर४ च्या काळातला शहाणपणा इथे उलटतो. उद्या ६४ जीबी लागणार असेल तर आजच ३२-३२च्या दोन घ्या.

आता वेग

पाकिटावरचा ३२०० हा आकडा मेगाहर्ट्झ म्हणून सांगितला जातो, पण तो खरा एका सेकंदात होणाऱ्या दशलक्ष देवाणघेवाणींचा असतो. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं. सीपीयू-झेडने ३२००च्या पट्टीसमोर १६०० दाखवलं तर कुणी फसवलेलं नाही. लेबलवर पीसी४-२५६०० असं लिहिलेलं असतं तेही त्याच पट्टीचं नाव. ३२०० गुणिले ८ बाइट, म्हणजे सेकंदाला २५,६०० एमबी.

दुसरा आकडा सीएल. माहिती मागितल्यापासून ती यायला सुरुवात होईपर्यंत किती ठोके जातात ते तो सांगतो. नुसते सीएल ताडून बघू नका, कारण वेगवान पट्टीचा ठोका लहान असतो. सीएलला २००० ने गुणा आणि पाकिटावरच्या वेगाने भागा, म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४ ३२०० सीएल १६: १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० सीएल ३०: तेही १०. डीडीआर५ ४८०० सीएल ४०: जवळपास १६.७. म्हणजे सुरुवातीच्या काळातली साधी डीडीआर५ सेकंदाला जास्त माहिती नेत असली तरी प्रतिसादात चांगल्या डीडीआर४ च्या मागेच होती. दोन पट्ट्यांत अडकलात की हा हिशेब करा, अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

डीडीआर४ साठी ३२०० सीएल १६ किंवा ३६०० सीएल १८ वर थांबा. एएम५ वर ६००० सीएल ३० चांगला बसतो. त्याच्या वरचे आकडे मोजमापाची आवड असणाऱ्यांसाठी आहेत.

मात्र पट्टीत वेग आहे म्हणून तो मिळेलच असं नाही. १० व्या पिढीचा कोअर आय५ आणि बी४६० बोर्ड असेल तर ३२००ची पट्टीही २६६६ वरच चालते, बोर्ड त्यापुढे जाऊच देत नाही. अशा ठिकाणी जास्त वेगाच्या पट्टीने नुकसान काही नाही, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

रंगीत दिव्यांबद्दल एवढंच की त्यांनी पट्टीची उंची वाढते. प्रोसेसरवर मोठा कूलर असेल तर पट्टीवर किती मोकळी जागा उरते ते पट्टी घेण्याआधी मोजा.

बसवताना

संगणक बंद करा, एसएमपीएसचा (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीचा) खटका बंद करा, वायर काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. पट्टी कडांना धरा, सोनेरी पट्ट्याला बोट लावू नका.

चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट भरा. बोर्डावर बहुधा ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. बहुतेक बोर्डांत प्रत्येक रस्ता आधी जवळच्या आणि मग दूरच्या स्लॉटपर्यंत जातो. पट्टी जवळ लावून शेवटचा स्लॉट मोकळा सोडला तर संकेत त्या रिकाम्या टोकावरून परततो आणि गोंधळ घालतो. काही बोर्डांची मांडणी निराळी असते, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र हा शेवटचा शब्द.

स्लॉटच्या टोकाची चाप बाहेर ओढा. काही बोर्डांवर ती एकाच बाजूला असते. खाच जुळवा, पट्टी सरळ उभी धरा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. चाप 'टक्' आवाज करून आपोआप बंद व्हायला हवी. दाब थोडा जास्तच लागतो, पहिल्यांदा बसवणारे इथे बिचकतात आणि पट्टी अर्धवट राहते. नंतर बाजूने वाकून बघा: सोनेरी रेघ कुठेही तिरकी दिसता कामा नये.

पहिल्यांदा सुरू करताना

डीडीआर५ असेल तर धीर धरा. बोर्ड नव्या पट्ट्यांशी जुळवून घेत असतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो, काही वेळा चांगली काही मिनिटं. या वेळात घाबरून वीज बंद करू नका.

त्यानंतरही काही दिसलं नाही, बीप वाजत राहिले किंवा बोर्डावरचा 'डीरॅम'चा दिवा पेटून राहिला, तर पट्ट्या काढून पुन्हा नीट दाबून बसवा. बहुतेक वेळा इथेच काम होतं. नाही झालं तर ए२ मध्ये एकेक पट्टी एकटी लावून बघा, म्हणजे दोष पट्टीत की स्लॉटमध्ये ते कळेल. तरीही नाही, तर वीज काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, बायोसच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. शेवटचा उपाय म्हणजे जुनी पट्टी लावून बायोस अद्ययावत करायचा आणि मग नवी बसवायची. जुन्या पट्टीचे सोनेरी भाग काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसा. खोडरबराचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो, म्हणून मी तो देत नाही.

संगणक सुरू झाला की बायोसमध्ये जा आणि एकूण क्षमता बरोबर आहे ना ते बघा. मग एक्सएमपी, म्हणजे पट्टीला तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी नोंद, सुरू करा. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर त्याचं नाव एक्स्पो असतं, काही डीडीआर४ बोर्डांवर डीओसीपी. हे केलं नाही तर ३६००ची पट्टी २१३३ किंवा २४०० अशा मूळ वेगावर आयुष्य काढते, आणि पाकिटावरच्या वेगासाठी दिलेले पैसे वाया जातात. माझ्या बघण्यातल्या कितीतरी मशीनमध्ये ही एक नोंद वर्षानुवर्षं बंद होती. विंडोजमध्ये परतल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग आणि 'स्लॉट्स यूज्ड' तपासा. 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'समोर कित्येक जीबी दिसत असतील आणि तुमचं ग्राफिक्स तेवढी रॅम घेत नसेल, तर पट्टी नीट बसलेली नाही.

आणि शेवटची पायरी, जी जवळजवळ सगळे सोडून देतात: रॅम तपासणं. सदोष पट्टी संगणक बंद पाडेलच असं नाही. ती गुपचूप एखादा बिट उलटा करते. मग उतरवलेली झिप फाइल उघडत नाही, फोटोत मध्येच हिरवा पट्टा उमटतो, आणि दोष मात्र विंडोजला दिला जातो. सगळ्यांत वाईट म्हणजे तुम्ही घेत असलेला बॅकअपही त्याच खराब रॅममधून जात असतो. मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून संगणक सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. शून्य चुका एवढाच निकाल मान्य. एक चूक दिसली तरी एक्सएमपी बंद करून चाचणी पुन्हा करा. आता चुका थांबल्या तर पट्टी ठीक आहे, पण तुमच्या बोर्डाला किंवा प्रोसेसरला तो वेग झेपत नाही. एक पायरी कमी वेग लावा आणि पुन्हा तपासा. एक्सएमपी बंद असूनही चुका आल्या, तर पट्ट्या एकेकट्या तपासून खराब कोणती ते शोधा. जोडी म्हणून घेतली असेल तर एकटी पट्टी देऊ नका, दोन्ही मिळून परत करा, म्हणजे बदलून येणारीही जोडीच असेल. ही चाचणी परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकून घ्या, आणि तोवर जुनी पट्टी कुणाला देऊन टाकू नका.